चष्मे परत करून जा

सातारा रोडला, चार नंबर पडद्याच्या दाराशी
निळा टब घेऊन मी उभी असते.
लोक बाहेर येतात, चष्मा टाकतात,
चष्म्याबरोबर एखादं वाक्यही :
"स्टोरीत काही दम नाही."
"पूल पडणार, हे मध्यंतरालाच कळलं होतं."
"बाप मरणार, हे तर पोस्टरवरच दिसतंय."
मी म्हणते, हो सर. चष्मा टबात, खिशात नको.

खाजगीवाले काका, सहकारनगरचे,
या सिनेमाला चौथ्यांदा आलेत.
चारही वेळा तीच तक्रार,
की तो परत येणार हे शेंबडं पोरही सांगेल.
मग येता कशाला, असं विचारायची माझी प्राज्ञा नाही.
त्यांनीच एकदा सांगितलं, तिकिटाची बारीक घडी करत :
"उजव्या कोपऱ्यातून पाहिला नव्हता."

मला गोष्ट तुकड्यातुकड्यानं ठाऊक आहे.
शेवट बेचाळीस वेळा, सुरुवात एकदाही नाही.
आणि ड्युटीवर चष्मा लावायचा नसतो,
त्यामुळे पडद्यावरचं सगळं मला दुहेरी दिसतं,
जरा सरकलेलं,
रंगाऱ्याचा हात हलल्यासारखं.
म्हणून मी माणसं बघते.

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला
बर्फाखालच्या शहराचं छत फुटतं
आणि बर्फ खाली यायला लागतो, सावकाश,
खुर्च्यांवर, डोक्यांवर, माझ्या टबावर.
तेव्हा हात वर जातात.
आधी पोरांचे. मग त्यांच्या आयांचे.
बिबवेवाडीच्या हार्डवेअरवाल्यांचा, चार अंगठ्यांसकट.
परवा डी ओळीत एकजण फोनवर हप्त्याचं बोलत होता,
बोलता बोलता त्याचाही गेला.
हाताला काही लागत नाही.
लागणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.
तरी बोटं मिटतात.

आता खरं तेही सांगते.
बाप मरतो तेव्हा कुणाचे पॉपकॉर्न थांबत नाहीत.
मरणार हे कळलं होतं म्हणून नव्हे.
तो बाप कुणाचाच नव्हता.
त्याला खोकला नव्हता, उधारी नव्हती,
पोराला हाक मारायची
त्याची म्हणून काही तऱ्हा नव्हती.
बर्फाचा कण अन् कण घडवला लोकांनी,
आणि या माणसाला एक साधी खोड द्यायला
कुणाला वेळ झाला नाही, याचा मला राग येतो.
इम्तियाज म्हणतो, तू तिकीट काढलंयस का रागवायला?
तो वर बटण दाबतो, आणि चहाला खाली येतो.

रात्री चष्मे मोजायचे, पुसायचे.
तेल, लिपस्टिक, कुणाची पापणी.
आणि दर खेळाला सात-आठ चष्मे असे,
की काचेला आतल्या बाजूनं
मीठ वाळलेलं.
कितव्या मिनिटाचं, ते काच सांगत नाही.
मी फुंकर मारते, फडकं फिरवते,
उद्याच्या डोळ्यांसाठी थप्पी लावते.

सुट्टीला नसरापूरला जाते.
परतीची एसटी जुन्या घाटानं येते.
कात्रजचा बोगदा, ओल्या भिंती,
कुणाचं तरी बाळ किरकिरतं,
मेथीच्या पोत्याला टेकून एक बाई पेंगते.
बोगद्यापलीकडे काय आहे
हे या गाडीत कुणाला माहीत नाही?
कंडक्टरला तर एकोणीस वर्षं माहीत आहे.
गाडी बाहेर पडते, वळते,
आणि खाली एकदम सगळे दिवे.
कंडक्टरची नाणी मोजायची थांबतात.
पेंगणारी बाई खिडकीची काच सरकवते.
थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं,
"काय ट्रॅफिक झालंय हो पुण्यात."